रात्री दात घासायची सवय मुलांना कशी लावलीत?

मधुमालती

नमस्कार मंडळी. महिनाभर मनात घोळणारी गोष्ट इथे लिहिते आहे. घरात बोलायला गेलं की सगळ्यांचं एकच उत्तर असतं, दुधाचेच तर दात आहेत, पडायचेच आहेत.

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. दिवाळीनंतर तो एकाच बाजूने चावायला लागला. भाकरी नको, चकली नको, नुसता मऊ वरणभात. मला वाटलं, खाण्याचे नखरे. मग एका रात्री अडीच वाजता गाल धरून रडत उठला. सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात पाहिलं, तर डावीकडे खालच्या दोन दाढांच्या मध्ये काळा खड्डा. एक्सरे काढल्यावर कळलं की तीन दाढा किडल्यात आणि एकीची कीड नसेपर्यंत गेली आहे. तिचं रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप बसवली, बाकीच्या दोन भरून घेतल्या. त्या मोठ्या खुर्चीत तो माझं बोट घट्ट धरून पडून होता. ते काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी विचारलं, रात्री दात कोण घासून देतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी तो स्वतः घासतो, तीन वर्षांचा झाल्यापासून. रात्री साखर घातलेलं दूध पिऊन तसाच झोपतो, कारण दुधाशिवाय त्याला झोप येत नाही.

काय करायचं ते आता समजलंय, पण कसं करायचं ते जमत नाहीये. रात्री ब्रश दिसला की तो ओठ गच्च मिटतो, पलंगाखाली जाऊन बसतो. दोनदा मी आणि नवऱ्याने हातपाय धरून घासले. हुंदके देत झोपला. मला तसं पुन्हा करायचं नाही आणि न घासता झोपवायचंही नाही. ज्यांच्या घरी हे रोज सुरळीत होतं त्यांनी कृपया अगदी बारीकसारीक सांगा. किती वाजता, कुठे बसवून, दूध कधी, ब्रश कोणता, तोंड उघडायला काय म्हणता, सगळं.

शमिका

आमच्याकडेही हीच लढाई आहे. मुलगी पावणेसहा वर्षांची. वाचत राहीन.

रानवारा

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या लहानपणी बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी असायची, घरात राखुंडीचा डबा असायचा. सकाळी एकदा बोटाने घासलं की झालं. रात्री दात घासणारा माणूस मी गावात पाहिला नाही. माझे वडील पंचाहत्तरीत दाताने ऊस सोलून खायचे. आता चार वर्षांच्या पोरांची रूट कॅनाल ऐकतो तेव्हा वाटतं की ब्रश-पेस्टच्या नादात आपण जुनं ते विसरलो. काडीची सवय लावून बघा.

दोन_मुलींचा_बाबा

मधुमालती, आमच्या घरी जे चाललं ते सांगतो. मोठीच्या वेळी आम्हीही झोपायच्या आधी, म्हणजे साडेनऊ-दहाला घासायला जायचो. त्या वेळी पोर पेंगुळलेलं असतं, आपणही दमलेले असतो आणि कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. धाकटीच्या वेळी वेळ बदलली. जेवण झालं, हात धुतले की त्याच पावली ब्रश. साधारण सव्वाआठ. त्यानंतर खेळ, गोष्ट, दंगा काय हवं ते, पण खाणं बंद, फक्त पाणी. निम्मं रडणं या एका बदलाने थांबलं.

दुसरं म्हणजे ब्रश बेसिनपाशी करत नाही. आमचं बेसिन उंच, स्टुलावर उभी राहिली की तिचं लक्ष नळात. आम्ही हॉलमध्ये चटईवर करतो. मी मांडी घालून बसतो, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून छताकडे बघत आडवी होते. तोंड आपोआप उघडतं, दिवा वर असल्यामुळे मला शेवटच्या दाढेपर्यंत दिसतं. उभ्याने करताना मला फक्त पटाशीचे दात दिसायचे.

आणि ब्रश दोन. एक तिच्या हातात, एक माझ्या हातात. आधी ती घासते, मग मी. कधी ती माझे दात घासते. मग माझी पाळी आली की तिला नाही म्हणता येत नाही.

चिमणी_सातारा

मी बालदंतवैद्य आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस करते. वरचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, मांडीवर डोकं घेऊन घासायला मी प्रत्येक आईवडिलांना सांगते.

आधी ‘पडायचेच आहेत’ याबद्दल. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या लेकाला त्या दाढांवर अजून सहा-सात वर्षं जेवायचं आहे. शिवाय त्या खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे दात वेडेवाकडे येतात. तुम्ही दाढ वाचवलीत, योग्य केलंत.

रानवारा काका, तुमच्या वडिलांचे दात टिकले त्यात काडीपेक्षा त्यांच्या ताटाचा वाटा मोठा असावा. किडीसाठी किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. गोड किंवा पिठाचं काही तोंडात गेलं की दातांवरचे जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढचा साधारण अर्धा तास ते आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवत राहतं. मग लाळ हळूहळू ते भरून काढते. दोन वेळा जेवण आणि एखादा चहा, एवढंच असेल तर लाळेला वेळ मिळतो. आजचं मूल उठल्यावर दूध-बिस्किट, शाळेच्या डब्यात जॅम-पोळी, घरी आल्यावर पुन्हा बिस्किट, संध्याकाळी दुकानातला खाऊ, रात्री साखरेचं दूध, असं खातं. लाळेला उसंतच मिळत नाही. मी लोकांना पेढे-चॉकलेटपेक्षा बिस्किटांबद्दल जास्त बोलते. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत तासन्‌तास चिकटून राहतो आणि ते पौष्टिक समजून दिलं जातं. राखुंडी आणि मीठ दोन्ही खरखरीत, रोज घासले तर दात झिजतात. ताज्या काडीचा कुंचला मोठ्या माणसाने नीट वापरला तर बाहेरचे दात साफ होतात, पण चार वर्षांच्या मुलाच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचत नाही.

आता रात्रीच का? झोपेत लाळ अगदी कमी होते. दिवसा जे धुऊन निघतं ते रात्री तसंच राहतं. दूध पिऊन झोपलेल्या मुलाच्या दातांवर ते दूध सात-आठ तास बसून असतं. सकाळचं घासणं चुकलं तर एक वेळ मी काही म्हणणार नाही, रात्रीचं चुकवू नका.

मधुमालती, डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सात-आठ वर्षांपर्यंत ‘आई किंवा बाबा’ असंच हवं. मुलाने स्वतः घासायला हरकत नाही, हात बसतो. पण ज्या मुलाला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याचं मनगट दाढेच्या आतल्या बाजूने वळत नाही. तीन वर्षांच्या मुलावर ते सोपवण्यात तुमचं कौतुकच होतं, दुर्लक्ष नव्हतं. फक्त शेवटचा हात मोठ्यांचा.

पद्धत साधी. दात एकमेकांवर ठेवून ‘ई’ म्हणायला लावायचं आणि बाहेरून गोल गोल, हिरडीसकट. आमच्या पुस्तकात याला फोन्सची पद्धत म्हणतात, लहान हातांना हीच जमते. मग ‘आ’ करून चावायची बाजू मागेपुढे, मग आतली बाजू, शेवटी जीभ. एकूण दोन मिनिटं.

पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एका वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात तशी नको. फ्लोराइड असलेली घ्या. आपल्याकडे खळखळून चूळ भरायची सवय असते, त्यामुळे आधी नुसत्या पाण्याने भरपूर चुळा भरा, मग ब्रश, आणि शेवटी फक्त थुंकायचं. थोडी पेस्ट दातांवर राहिली पाहिजे, रात्रभर काम करते ती.

तुम्ही लिहिलंत की खड्डा दोन दाढांच्या मध्ये होता. तिथे कुठलाच ब्रश पोचत नाही. दाढा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे दोरा फिरवावा लागतो. मुलांसाठी हँडलला ताणलेला फ्लॉस मिळतो, औषधाच्या दुकानात विचारा. रोज रात्री चार जागा, अर्धं मिनिट.

दूध बंद करू नका, त्याची वेळ आणि साखर बदला. जेवणाआधी किंवा संध्याकाळी द्या. साखर दर तीन-चार दिवसांनी थोडी कमी करत न्या.

पन्हाळ्याची_आजी

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण विषय माझ्या मनातला निघाला.

बाळांनो, मी तीस वर्षं मिश्री लावली. आमच्या भागात बायका सकाळी तव्यावर तंबाखू भाजून घरीच मिश्री करायच्या. सासूबाई लावायच्या, मग मी लावायला लागले. दात साफ होतात म्हणून सुरुवात. मग सकाळ झाली, दुपार झाली, भांडी घासून झाली की डबी. ती दातांसाठी नसते, नशेसाठी असते, हे कळूनही सुटत नव्हती.

नात तीन वर्षांची असताना एक दिवस परसात माझ्या शेजारी उकिडवी बसली, माझ्या डबीत बोट घातलं आणि माझ्यासारखं हिरडीवर फिरवायला लागली. हुबेहूब. मानही माझ्यासारखी तिरकी केली होती. तिला उलटी झाली, चक्कर आली. त्या दिवशी डबी चुलीत टाकली. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं, हात थरथरायचे, सुनेवर उगाच ओरडायची. पण पुन्हा आणली नाही. आता सहा वर्षं झाली.

आता रात्री आम्ही दोघी मोरीपाशी पाटावर बसतो आणि घासतो. तिचा ब्रश पिवळा, माझा जांभळा. सून सांगते तशी मी तिची दाढ बघते, ती माझी बघते. माझ्या दोनच राहिल्यात, त्याही नीट घासून देते.

मधुमालती, घरात कुणी मिश्री लावत असेल, तर ते आधी बघ.

चिमणी_सातारा

आजी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या दवाखान्यात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? माझ्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुली येतात ज्यांची सुरुवात आजीच्या डबीतून झालेली असते.

वऱ्हाडकर

डॉक्टर, तुमचं बाकी सारं पटलं, फ्लोराइडचं नाही पटलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी, चट्टेवाले होते. माझेही आहेत. लग्नाच्या फोटोत मी तोंड मिटून उभा आहे. म्हाताऱ्या माणसांची हाडं आखडलेली पाहिलीत. आणि तेच फ्लोराइड लेकराच्या तोंडात घालायचं म्हणता? मी माझ्या पोराला बिनफ्लोराइडची पेस्ट आणतो.

चिमणी_सातारा

दादा, तुम्ही जे पाहिलंय ते खरं आहे आणि तुमची भीती रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या किती तरी गावांनी हे भोगलंय. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलेलं पाणी मूल जन्मल्यापासून रोज पितं, त्यात शिजवलेलं खातं, आणि पक्के दात जबड्याच्या आत तयार होत असताना ते फ्लोराइड पोटातून रक्तात, रक्तातून दातात जातं. चट्टे तिथे पडतात. दात बाहेर येण्याआधीच.

पेस्टचं काम वेगळं आहे. ती गिळायची नसते, तोंडात आलेल्या दाताच्या पृष्ठभागावर तिचा परिणाम होतो. आम्लाने कवचातले क्षार निघून जातात ते परत बसायला ती मदत करते. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग, फ्लोराइडला परवानगी आहे आणि ते नळीवर छापावं लागतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये ते फारच थोडं होतं.

तरी तुमच्या गावासाठी माझा सल्ला थोडा वेगळा असेल. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. जास्त निघालं तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसऱ्या स्रोताचं वापरा किंवा आरओचं. नुसतं उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. आणि पोराला थुंकता येईपर्यंत पेस्टचं प्रमाण तांदळाच्या दाण्याएवढंच ठेवा, नळी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मुलांना गोड चवीची पेस्ट खायला आवडते, खरा धोका तिथे आहे. जवळच्या दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवून पेस्ट ठरवा.

वऱ्हाडकर

हे समजलं. पाण्याचा अहवाल मागवतो. गिळण्यात आणि लावण्यात फरक आहे हे आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या इकडे फ्लोराइड म्हटलं की विषच.

योकोहामाकर

नोकरीनिमित्त सात वर्षं जपानमध्ये आहोत. दोन्ही मुलं इथेच झाली. मांडीवर डोकं घेऊन घासण्याला इथे नावच आहे, ‘शिआगे मिगाकी’. शिआगे म्हणजे शेवटचा हात फिरवून काम पुरं करणं. सुतार जसा शेवटी रंधा मारतो, तसं. मूल आधी स्वतः घासतं, मग आई किंवा वडील मांडीवर घेऊन शिआगे करतात. त्यासाठी लांब दांड्याचा, छोट्या डोक्याचा वेगळा ब्रश मिळतो, तो मोठ्यांनी धरायचा. प्राथमिक शाळेतल्या मुलांचंही पालक करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चिमणी ताईंनी ‘शेवटचा हात मोठ्यांचा’ लिहिलं तेव्हा मला एकदम हाच शब्द आठवला.

इथे दीड वर्षाला आणि तीन वर्षाला सरकारी आरोग्य तपासणी असते, त्यात दात पाहतात. थोरल्याच्या दीड वर्षाच्या तपासणीत त्या बाईंनी मला जमिनीवर बसवून, माझ्या हातात ब्रश देऊन करून दाखवायला लावलं. वरच्या ओठाच्या मधोमध आत जो पातळ पडदा असतो, त्यावर ब्रश घासला गेला की मुलाला झोंबतं आणि ते तोंड मिटून घेतं. उपाय म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीने तो पडदा झाकून ठेवायचा आणि मग वरचे पुढचे दात घासायचे. मधुमालती, तुमचा मुलगा ओठ गच्च मिटतो म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं. बऱ्याचदा मूल हट्टी नसतं, त्याला दुखलेलं असतं. हातही हलका हवा, पेन धरतो तसा ब्रश धरायचा, मुठीत नाही.

४ जून हा इथे दात किडू नयेत म्हणून पाळायचा दिवस, १९२८ मध्ये सुरू झालेला. सहा आणि चारचे उच्चार जोडून ‘मुशी’ होतं, म्हणजे किडा. जून महिन्यात बालवाडीत दातांचीच गाणी, दातांचीच चित्रं.

रानवारा

चिमणी ताई, वडिलांच्या ताटाचं तुमचं बरोबर असावं. दिवसाला एक कप गुळाचा चहा, दोन वेळा ज्वारीची भाकरी, मधे काही नाही. बिस्किट आमच्या घरात आजारी माणसासाठी आणत. माझी नात पुण्यात असते, तिच्या हातात दिवसातून किती वेळा पुडा असतो ते डोळ्यांसमोर आलं. काडीचा आग्रह सोडतो. मुलाशी बोलेन.

गोदाकाठ

मी अंगणवाडी सेविका आहे, बीड जिल्ह्यात. माझ्याकडे २८ मुलं. त्यातली बरीच ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. तिकडे पहाटे अंधारात आई फडात जाते. मुलाच्या हातात उसाचं कांडं नाहीतर बिस्किटाचा पुडा असतो. परत येतात तेव्हा पुढचे चारही दात काळे ठिक्कर.

तुम्ही सगळ्यांनी छान लिहिलंय, पण माझ्या मुलांच्या घरी ब्रशच एक असतो. पाच माणसांत एक. मी विचारलं तर एका मुलीने सांगितलं, आधी बाबा, मग दादा, मग मी. म्हणून दोन वर्षांपूर्वी गावातल्या किराणा दुकानदाराकडून आणि ग्रामपंचायतीतल्या एका ताईंकडून मदत घेऊन २८ ब्रश आणले. प्रत्येकावर सुईदोऱ्याने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मुलांना नाव वाचता येत नाही, रंग ओळखता येतो. खिळ्यांच्या फळीवर ब्रश उघडे टांगतो, डोकी एकमेकांना लागत नाहीत. दुपारचा आहार झाला की ओट्यावर गोल करून बसतो. मी म्हणते गाडी सुरू, ती घुर्र करतात, शंभर म्हणेपर्यंत. जातात तेव्हा ब्रश सोबत देते. यंदा परत आली तेव्हा ११ मुलांनी तोच ब्रश परत आणला, दोऱ्यासकट.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यात दातही तपासतात आणि लागलं तर पुढे पाठवतात. पथक यायच्या दिवशी मूल हजर ठेवा, एवढंच सांगणं असतं माझं आयांना. बऱ्याच जणींना माहीतच नसतं की त्यात दात बघतात.

शमिका

ताई, २८ ब्रशसाठी पुढच्या वर्षी आम्ही काही जणी मिळून पाठवू शकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निळी_छत्री

माझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, वय सात. आमच्यासाठी दात घासणं ही दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. इतर पालकांनाही उपयोग होईल म्हणून लिहिते.

त्याला पेस्टचा पुदिना जिभेवर भाजल्यासारखा लागत होता. त्याला बोलता येत नव्हतं, मला कळत नव्हतं. फेसही सहन होत नव्हता. बिनचवीची, फेस न होणारी पेस्ट शोधून आणली तेव्हा पहिल्यांदा त्याने तोंड अर्धं उघडलं. त्याआधी तीन आठवडे आम्ही फक्त कोरडा ब्रश गालाला, मग ओठाला लावत होतो. मग एका दाताला. मी मोठ्याने पाच म्हणेपर्यंत, पाच झालं की ब्रश बाहेर, काहीही झालं तरी. तो शब्द मी एकदाही मोडला नाही. कधी संपणार हे त्याला कळलं तेव्हा भीती उतरली. पाचाचे दहा झाले, एका जागेच्या चार जागा झाल्या. आठ महिने लागले. बेसिनच्या वर चित्रांची पट्टी चिकटवली आहे, झालं की तो एकेक चित्र उलटं करतो.

तीन बाजूंनी एकदम घासणारा ब्रश मिळतो, त्याने निम्म्या वेळात काम होतं. आमच्या थेरपिस्टनी सुचवला.

मधुमालती, दोनदा धरून घासलंत म्हणून स्वतःला बोल लावू नका. आम्हीही केलंय. फक्त आता त्याला आधी सांगा की हात धरणार नाही. आणि धरू नका.

कांचनमृग

खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मुलाच्या चार दाढांचा खासगी दवाखान्यातला आकडा ऐकून आम्ही परत आलो होतो. मग मुंबईत नायरच्या दंत महाविद्यालयात गेलो. तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जावं लागतं, चकरा होतात, पण काम नीट झालं आणि खर्च अगदी थोडा. सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. पैशांसाठी थांबू नका, कीड थांबत नाही.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढून आज १६ दिवस झाले, काय झालं ते सांगते.

पहिल्यांदा सासूबाईंशी बोलले. रात्रीचं दूध त्याच देतात, गोष्ट सांगत, आणि ती त्या दोघांची वेळ आहे. मी नुसतं ‘दूध बंद’ म्हटलं असतं तर त्यांच्या हातून ती वेळच गेली असती. पन्हाळ्याच्या आजींचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दूध सहा वाजता देईन, गोष्ट रात्रीच सांगेन. साखर त्यांनी स्वतःहून निम्मी केली. पहिले चार दिवस तो दुधासाठी रडला, पाचव्या दिवशी पाणी पिऊन झोपला.

ब्रश सव्वाआठला, चटईवर, मांडीवर. पहिल्या रात्री मी त्याला सांगितलं की आता आई हात धरणार नाही, पाच म्हटलं की थांबेन. त्याने विचारलं, नक्की? पाचला थांबले. त्या दिवशी फक्त खालचे पुढचे दात झाले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. योकोहामाकरांनी लिहिलेल्या पडद्यावर बोट ठेवून वरचे दात घासले तेव्हा तो आश्चर्याने म्हणाला, आई, आज टोचलं नाही. मला तेव्हा कळलं की इतके दिवस त्याला टोचत होतं.

सगळं जमलेलं नाही. दोन रात्री तो आधीच झोपून गेला, एकदा लग्नाहून यायला उशीर झाला. दोऱ्याला अजून तोंड उघडत नाही, त्याला तो दोरा आवडत नाही. पण सोळापैकी तेरा रात्री घासणं झालं, आणि आता ब्रश दाढेपर्यंत पोचतोय.

शमिका

किती छान! चिमणी ताई, एक विचारायचं होतं. आमच्या मुलीच्या खाली अगदी मागे हिरडी फुगल्यासारखी दिसतेय आणि ती म्हणते चावताना दुखतं. दात तर एकही पडलेला नाही. हिरडीला कीड लागते का?

चिमणी_सातारा

हिरडीला कीड नाही. पावणेसहा वर्षं म्हणालात ना? तिथे पहिली पक्की दाढ येत असणार. ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. कुठलाही दात पडून येत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि आली तरी सगळे तिला दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. पूर्ण वर यायला काही महिने लागतात आणि तोवर ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली राहते, त्यामुळे सरळ ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. ब्रश गालाकडून आडवा आत घालून फक्त त्या एका दाढेवर फिरवा. ती वर आली की दंतवैद्याकडे जाऊन खाचा सीलंटने, म्हणजे खाच बंद करणाऱ्या पातळ लेपाने, भरून घ्या. दुखत नाही, सुई नाही, काही मिनिटांचं काम. हीच दाढ तिला म्हातारपणापर्यंत वापरायची आहे. टॉर्च लावून नीट पाहा, आणि दुखणं वाढलं किंवा गालाला सूज आली तर लगेच दाखवा.

शमिका

आत्ता मांडीवर घेऊन टॉर्चने पाहिलं. उजवीकडे हिरडीतून दोन पांढरी टोकं वर आलीत, डावीकडे अजून नुसती फुगीर आहे. मी ती दाढ दुधाचीच समजले असते. ब्रश आडवा घालून घासलं, थोडं दुखलं पण तिने करू दिलं. शनिवारची वेळ घेतली आहे.